कॅमेऱ्याने किती ठरवावे?

चेन्नईहून बेंगळुरूच्या रस्त्याला लागले की चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर येते. वैष्णवांना ते रामानुजाचार्यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक. उरलेल्या देशाला हे नाव कळले २१ मे १९९१ च्या रात्री, राजीव गांधींच्या हत्येने. उद्योगाच्या पानांवर ते येते नोकिया, फॉक्सकॉन, सॅमसंग यांच्या कारखान्यांमुळे. कॅमेऱ्यांबद्दल लिहायचे तर या गावापासून सुरुवात करावी असे मला वाटते. फोटोवर किती भरवसा ठेवायचा, या प्रश्नाची दोन्ही टोके या एका परिसरात सापडतात.

पहिले टोक एस. हरिबाबू या तरुण छायाचित्रकाराचे. त्या रात्रीच्या सभेत फोटो काढायला त्याला कटवाल्यांनीच आणले होते. स्फोटात तो जागीच गेला, पण त्याच्याजवळचा चिनॉन कॅमेरा शाबूत सापडला. आतला रोल धुतल्यावर दहा चौकटी हाती आल्या. चंदनाचा हार घेऊन गर्दीत उभी असलेली आत्मघाती हल्लेखोर धनू, पांढऱ्या कुर्ता-पायजम्यात पत्रकार म्हणून वावरणारा कटाचा सूत्रधार शिवरासन, आणि शेवटी स्फोट. डी. आर. कार्तिकेयन यांच्या विशेष तपास पथकाला धागा मिळाला तो या दहा चौकटींतून. ज्यांनी फोटोग्राफर आणला त्यांच्याविरुद्धच त्याचा रोल पुरावा ठरला.

दुसरे टोक जवळच्याच सुंगुवारचत्रमचे. श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद पडला. आज तिथल्या पट्ट्यात फॉक्सकॉन आयफोन जुळवते. कामावर बहुतांश तरुण मुली. त्यांच्यासाठी वल्लम वडगलला बांधलेल्या वसतिगृहात १८,७२० जणींची सोय आहे, यावरून पसारा लक्षात यावा. २०१९ च्या आयफोन ११ बरोबर ॲपलने ‘डीप फ्यूजन’ आणले. त्यात तुम्ही बटण दाबण्याआधीच आठ चौकटी टिपून झालेल्या असतात. दाबल्यावर जास्त वेळ प्रकाश घेणारी नववी टिपली जाते, आणि मग फोनमधली चिप या नऊंतून वेचून एक चित्र जुळवते. पुढच्याच वर्षी हा फोन श्रीपेरुंबुदूरजवळ जुळू लागला.

अशा काळात काही माणसे सत्तर वर्षे जुन्या बनावटीचा, बॅटरीही न लागणारा रेंजफाइंडर कॅमेरा गळ्यात घालून हिंडतात. लायकाने १९८४ चा एम-६ हा फिल्मचा कॅमेरा २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला, ५,२९५ डॉलरना, लेन्सवेगळा. तरीही गिऱ्हाईक आहे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला, आणि त्यात रोल अंगठ्याने पुढे सरकवायचा, अंतर अंदाजाने लावायचे, अशी रचना मुद्दाम ठेवली. याला निव्वळ जुन्याची हौस म्हणून सोडून देता येईल. पण मग त्या हौसेतला खरा भाग कोणता आणि भाकड भाग कोणता, हे कधीच कळणार नाही.

आधी हा कॅमेरा चालतो कसा ते पाहू. रेंजफाइंडरच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात. आपल्या दोन डोळ्यांसारख्याच त्या एकमेकींपासून थोड्या दूर, म्हणून दोघींना एकच वस्तू किंचित वेगळ्या जागी दिसते. अर्धपारदर्शक आरसा दुसऱ्या खिडकीतली प्रतिमा पहिलीवर पाडतो, आणि दर्शिकेच्या, म्हणजे डोळा लावून पाहतो त्या खिडकीच्या, मधोमध एक फिकट चौकोन दिसतो, त्यात सगळे दुहेरी. लेन्सचे कडे फिरवत गेले की ती दोन चित्रे सरकत एकमेकांवर बसतात. बसली की फोकस झाला. शाळेतला त्रिकोण, बाकी काही नाही. लायकाच्या १९५४ च्या एम-३ मध्ये या दोन खिडक्यांमधले अंतर ६८.५ मिलिमीटर होते आणि दर्शिकेत जग खऱ्याच्या ०.९१ पट दिसे. दोहोंचा गुणाकार सुमारे ६२ मिलिमीटर. हा आकडा जितका मोठा, तितके अंतर बिनचूक. १९५७ च्या एम-२ मध्ये ३५ मिलिमीटर लेन्सची चौकट मावावी म्हणून दर्शिका ०.७२ पट केली, तर तोच आकडा पन्नासपर्यंत उतरला. जास्त दिसावे की जास्त अचूक दिसावे, हा सौदा तेव्हापासून चालू आहे.

ही सगळी यंत्रणा लेन्समधून पाहत नाही, लेन्सशेजारच्या खिडकीतून पाहते. तिचे सगळे गुणदोष यातूनच निघतात. जवळच्या वस्तूला खिडकी एक पाहते आणि लेन्स दुसरेच. त्यामुळे सत्तर सेंटिमीटरच्या आत यातले बहुतेक कॅमेरे कामाचे नाहीत. लांबच्या लेन्सला दर्शिकेतली चौकट टपाल तिकिटाएवढी होते. पक्षी, क्रिकेट, फुलावरचा भुंगा यांना रामराम. लेन्सचे झाकण काढायचे राहिले तरी दर्शिकेत सगळे छान दिसत राहते, आणि रोल धुतल्यावर कोरा निघतो. १९५९ मध्ये निकॉन एफ आला. आरशातून थेट लेन्सचेच चित्र दाखवणारा तो कॅमेरा पत्रकारांनी हातोहात उचलला, आणि दहा-बारा वर्षांत रेंजफाइंडर बाजूला पडला. त्यात अन्याय काही झाला नाही.

मग उरले काय? दोन गोष्टी उरल्या, आणि त्या दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली, चौकटीबाहेरचे दिसणे. रेंजफाइंडरच्या दर्शिकेत फोटोची हद्द उजळ रेघांनी दाखवलेली असते आणि रेघांच्या पलीकडेही जग चालू असते. उजवीकडून सायकलवाला येतोय, तो दोन पावलांत चौकटीत शिरेल, हे आधीच दिसते. आरशाच्या कॅमेऱ्यात तो शिरल्यावरच कळतो. शिवाय आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो निघण्याच्या नेमक्या क्षणी आरसा वर उडतो आणि डोळ्यासमोर अंधार होतो. जो क्षण टिपला तोच काय तो पाहिलेला नसतो. रेंजफाइंडरमध्ये तो दिसतो. त्या क्षणी समोरच्याने डोळे मिटले होते का, हे रोल धुण्याआधी सांगता येते. आरसा नसल्याने आवाज कमी आणि हिसकाही कमी, त्यामुळे हातात धरून मंद शटर जास्त निभावते.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. हा कॅमेरा पाहायच्या आधी लावून ठेवता येतो. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवा, अंतराचे कडे पाच मीटरवर आणा. अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे फोकसमध्ये. आता फोकस करायचाच नाही, नुसते बघायचे. शंभर स्पीडचा रोल असेल तर लख्ख उन्हात एफ १६ ला सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, आणि आभाळ भरून आले की एफ ८. हे पाठ असलेल्या माणसाला प्रकाशमापक लागत नाही. गंमत अशी की झटपट फोटोसाठी स्वयंचलित कॅमेरा घ्यावा म्हणतात, पण असा लावून ठेवलेला कॅमेरा त्याहून झटपट असतो. कारण त्याला कसलाच निर्णय घ्यायचा उरलेला नसतो.

आता भाकड भाग. रेंजफाइंडर माणसाला संयम शिकवतो, मोजके फोटो काढायला लावतो, हे वाक्य या कॅमेऱ्याच्या प्रत्येक भक्ताच्या तोंडी असते. मला ते पटत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लायका घेऊन हिंडणारा छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये वारला तेव्हा मागे न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल राहिले होते. छत्तीसचा रोल धरला तर नव्वद हजार फोटो, जे काढणाऱ्यानेच कधी पाहिले नाहीत. संयम कॅमेऱ्यात नसतो. तो फिल्मच्या किमतीत असतो, किंवा कुणीतरी घातलेल्या अटीत.

अटीचे उदाहरण वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे आहे. गांधीजींच्या नात्यातले कनू गांधी यांना आश्रमात फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, फोटोसाठी उभे राहा-बसा म्हणायचे नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलीफ्लेक्स घेतला. तो रेंजफाइंडर नव्हता, वरून खाली पाहायचा दुहेरी लेन्सचा कॅमेरा. पण सगळे हातानेच करायचे. सेवाग्रामच्या बसक्या झोपड्यांत खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडात, हललेल्या-अंधुक कडांसह निघालेले ते फोटो आजही जवळचे वाटतात, आणि त्याचे श्रेय मी कॅमेऱ्याइतकेच त्या तीन अटींना देईन. मुंबईत शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक हा अवजड कॅमेरा वापरत. एका खाचेत फिल्मचे दोन तुकडे, फ्लॅशचा दिवा एका फोटोपुरता. माउंटबॅटन असोत की नेहरू, दुसरी संधी मिळेलच असे नाही. त्यांच्या चौकटी घट्ट का आहेत, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

कार्तिए-ब्रेसाँचे नाव या विषयात टाळता येत नाही. लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवून फिरणारा हा फ्रेंच छायाचित्रकार ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी दिल्लीत गांधीजींना भेटला आणि काही वेळातच त्यांची हत्या झाली. पुढच्या दिवसांचे त्याचे फोटो जगभर गेले. रेंजफाइंडरभोवतीचे निम्मे वलय त्याच्या एकट्याच्या पुण्याईवर आहे. पण त्या काळी हलका, न बोलणारा, खिशात मावेलसा दुसरा कॅमेराच फारसा नव्हता, हे वलय पाहणारे विसरतात.

आपल्याकडे लायका वर्तमानपत्रांच्या मोजक्या छायाचित्रकारांपलीकडे आणि श्रीमंत हौशींपलीकडे गेलाच नाही. मराठी घरांत कॅमेरा आला तो ॲग्फा क्लिक थ्रीच्या रूपाने: १२० चा रोल, बारा फोटो, आणि ठरवायचे काय तर ऊन की ढग. नंतर ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला, त्यात तेवढेही ठरवायचे नव्हते. रशियाशी दोस्तीमुळे झोर्की, झेनिट दिसत. यातला झोर्की म्हणजे लायकाच्या जुन्या बनावटीची सरळ नक्कल. आणि आखातातून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेत असे याशिका. सर्वसामान्यांचा रेंजफाइंडर म्हणायचा तर तो याशिका इलेक्ट्रो ३५. १९६६ चा हा कॅमेरा मला या वादातला सर्वांत शहाणा तोडगा वाटतो. फोकस तुम्ही दोन चित्रे जुळवून करा, ॲपर्चर तुम्ही ठरवा, शटरचा वेग मात्र तो स्वतः ठरवील. फिल्मही देशातलीच मिळे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही काळी-पांढरी फिल्म, याच तमिळनाडूत बनलेली. आता तो कारखाना बंद आहे आणि आयात रोलच्या किमतीमुळे संयम आपोआप येतो.

स्वयंचलित कॅमेऱ्याची वंशावळही थोडक्यात पाहू. १८८८ मध्ये ईस्टमनने पहिला कोडॅक विकला तो शंभर फोटोंचा रोल आतच भरून. रोल संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. म्हणजे रोल धुण्याचे काम पहिल्यांदा आपल्या हातून गेले. पुढे प्रकाशाचे गणित गेले. कॅननच्या १९७६ च्या एई-१ मध्ये ते काम चिप करू लागली. १९७७ मध्ये कोनिका सी ३५ एएफने फोकस घेतला, आणि १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने तो लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यातही घेतला. त्या तंत्रावरून हनीवेलने मिनोल्टाला कोर्टात खेचले आणि १९९२ मध्ये साडेबारा कोटी डॉलरांहून अधिक वसूल केले. एवढ्या पैशांचे भांडण होते म्हणजे ती सोय लोकांना हवीच होती.

आणि ती हवी असण्यात चूक काही नाही. आषाढात ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा फोटोवाल्यांची तिथे दाटी होते. जुन्या स्वयंचलित कॅमेऱ्याची खरी परीक्षा या घाटात. त्याचा प्रकाशमापक समोर जे असेल ते सरासरी राखाडी आहे असे धरून चालतो. चौकटभर पांढरी धोतरे, पांढऱ्या टोप्या आणि वर ढगाळ आभाळ असेल तर तो बापडा उजेड कमी करतो, आणि वारकरी मळकट, त्यांचे चेहरे काळे. काळ्या पाषाणाच्या मूर्तीसमोर उलटे, मूर्ती राखाडी. जाणकार आपल्या तळहातावरून मोजणी घेई, त्यात एक पायरी वाढवी आणि कॅमेऱ्याचे ऐकत नसे. मॅन्युअल कॅमेऱ्याच्या बाजूने हा फार काळ बिनतोड मुद्दा होता. आज तो राहिलेला नाही. साधा फोन चेहरे ओळखतो, दोन-चार चौकटी एकत्र करतो, आणि घाटातला तोच फोटो पहिल्याच फटक्यात टोपीसह चेहऱ्यासह नीट काढतो. उजेडाच्या गणितात हाताने काम करणारा हरला, हे मान्य करून पुढे जावे. फोकसमध्येही तेच. धावत्या नातीच्या डोळ्याला चिकटून राहणारा आजचा कॅमेरा पन्नाशी ओलांडलेल्या आजोबांच्या नजरेपेक्षा सरस आहे.

स्वयंचलितपणाने आणखी एक गोष्ट केली. गावातला स्टुडिओ, लग्नातला फोटोग्राफर आणि शहरातला काका यांच्याखेरीज कुणाच्या हाती नसलेले साधन त्याने सगळ्यांच्या हाती दिले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि त्यावरून सातबाऱ्यावर नोंद होते. हे काम रेंजफाइंडरने होणार नव्हते. ज्यांना स्वयंचलित कॅमेऱ्याचा तिटकारा आहे त्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

पण कॅमेऱ्याने आपल्याकडून घेतलेल्या कामांची यादी इथे थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता. रोल धुणे, उजेड, फोकस ही मोजमापाची कामे होती. आता कॅमेरा चित्रात काय असावे हेही ठरवू लागला आहे. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर ठेवला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने खड्डे-डाग असलेला झकास चंद्र काढून दिला. समोर नसलेले तपशील कुठून आले? कंपनीने खुलासा केला की चंद्र ओळखून तपशील उठावदार करण्याचे तंत्र फोनमध्ये आहे. चंद्राचे ठीक आहे, तो बदलत नाही. माणसाच्या चेहऱ्याचे काय? पूर्वी कोडॅकच्या रंगांचे माप गोऱ्या बाईच्या छायाचित्रावरून लावले जाई. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. त्या मापात आपली सावळी माणसे कायम काळवंडत. आज उलटी तऱ्हा आहे. कितीतरी फोन न सांगता कातडी उजळ आणि गुळगुळीत करतात. शर्लीची चूक निदान सगळ्या रोलवर सारखी होती आणि डोळ्यांना दिसत होती. ही मात्र प्रत्येक चेहऱ्यागणिक वेगळी आणि लपलेली असते.

मॅन्युअल रेंजफाइंडरचे आजचे आकर्षण मला इथे दिसते. रंग, धातूचा स्पर्श, शटरचा मऊ आवाज हे सगळे आहेच, पण त्याला मी दागिन्यांच्या कपाटात ठेवीन. हिशेब कळणे ही त्यातली टिकाऊ बाब. फोटो हलला तर शटर मी मंद ठेवले होते. काळा निघाला तर उजेड मी चुकीचा वाचला. चौकटीत नको ते आले तर मी पाहिले नाही. प्रत्येक दोषाला नाव आहे आणि ते माझे आहे. फोनमध्ये चांगल्या फोटोचे श्रेय कुणाचे आणि खोट्या तपशिलाचा दोष कुणाचा, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. हरिबाबूच्या रोलवर जे होते ते समोर होते म्हणून होते. कॅमेऱ्याची जात कोणतीही असती तरी फिल्मने चेहरा सुधारला नसता.

यातून सरसकट फिल्मकडे वळा असा निष्कर्ष कुणी काढू नये. मुंबईत, कोकणात, चेन्नईत दमट हवेने लेन्सला बुरशी धरते. जुन्या रेंजफाइंडरची दोन चित्रे एका धक्क्याने एकमेकांवरून सरकतात आणि ती जुळवून देणारे कारागीर आता मोजकेच. इलेक्ट्रो ३५ ला लागणारी पाऱ्याची बॅटरी बाजारातून गेली, तिच्या जागी जुगाड करावा लागतो. डिजिटल लायका एम-११ बाजारात आला तेव्हा ८,९९५ डॉलर, तोही लेन्सशिवाय. एवढ्या पैशांत एखाद्या गावच्या शाळेत अख्खी फोटोग्राफीची खोली उभी राहील. हौस असेल आणि खिसा हलका असेल तर मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जुना याशिका पाहा. घेण्याआधी लेन्स उजेडाकडे धरून आत जाळे दिसते का ते बघा, आणि दूरच्या खांबावर दोन्ही चित्रे बसतात का तेही. बाकीच्यांना फोनच पुरेल.

फोन वापरणाऱ्यांनी एक मात्र करावे. अपघात, पिकाचे नुकसान, पडकी भिंत, मारहाणीचे वळ, असा काही पुरावा म्हणून फोटो काढताना सौंदर्य खुलवणाऱ्या आणि चित्र ‘सुधारणाऱ्या’ ज्या ज्या सोयी बंद करता येतील त्या बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तिथे तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. मूळ फाइलच नसेल तर ते प्रमाणपत्र कशाच्या आधारावर देणार?